फ्यामिलीचं ठिकाण

आमच्या गल्लीतले वीरभद्रअप्पा प्रत्येक सहलीला दोनदा जायचे. एकदा आम्हा सगळ्यांना घेऊन, आणि त्याच्या आधी आठवड्यातल्या एखाद्या मधल्या वारी, भांड्यांचं चालतं दुकान भर दुपारी बंद करून, एकटेच.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, अप्पांना वैराग्य आलं. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, घरात दोन वेळची पूजा. असा माणूस लूनावर बसून डोंगराच्या वाटेला लागला तर दुसरं काय समजायचं? पण एकदा ऑफिसच्या कामानं पाटोद्याला निघालो असताना आमची एसटी घाटाच्या अलीकडे पंक्चर झाली. मी पाय मोकळे करायला खाली उतरलो, तर पलीकडे एका लिंबाखाली अप्पा मांडी घालून बसलेले. ध्यान वगैरे काही नाही. थोडा वेळ बसले, उठले, चार पावलं सरकून पुन्हा बसले. पुन्हा उठले, पुन्हा सरकले. मी जवळ जाऊन काय चाललंय म्हणून विचारलं.

"सावली बघायलोय," अप्पा म्हणाले. "जेवायच्या टायमाला ही कुठं जाती ते कळाय पायजे का न्हाई? बायामाणसं वाढाय बसली आन सावली गेली उठून, मग?"

एवढ्यावर भागलं नाही. मग त्यांनी धोतर सावरलं आणि माझ्यादेखत, एसटीतल्या सगळ्या उतारूंदेखत, त्या माळावर रांगायला सुरुवात केली. लेकराच्या उंचीवर गेल्याशिवाय काटा दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत कुंथत ते समोरचा चढ चढून आले. आमच्या गल्लीतल्या आवडाआजींना तो चढ झेपेल का, हे त्यांना पाहायचं होतं. कंडक्टरनं मला हळूच विचारलं, हे तुमचे कोण लागतात? मी म्हणालो, शेजारी. त्यानं माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं.

आता इथं थोडं त्या दिवसांबद्दल सांगायला हवं. बीडमध्ये तेव्हा नुकत्याच घराघरांवर केबलच्या तारा आल्या होत्या. कोपऱ्याकोपऱ्याला एसटीडीची पिवळी पाटी लागली होती, लग्नाच्या आहेरात पितळेची घागर जाऊन मिक्सर आला होता आणि पानटपरीवर ताकाच्या जागी रंगीत बाटल्या उभ्या राहिल्या होत्या. रविवारी गल्ली ओस पडायची. सगळे आपापल्या घरात, दारं लोटून, टीव्हीसमोर. मीही त्यातलाच. रविवारी क्रिकेटची मॅच असावी, उशाला लोड असावा आणि चहा आपोआप यावा, यापलीकडे माझी आयुष्याकडून काही मागणी नव्हती. अप्पांनी माझे असे किती रविवार उधळून लावले, याचा हिशोब मी देवाच्या दारी मागणार आहे.

कारण अप्पांना रविवारी घरात बसलेला माणूस बघवत नसे. शनिवारी संध्याकाळीच ते दारात उभे राहत. "उद्या फ्यामिली घेऊन यायचं. ठिकाण पास झालंय."

ठिकाण पास होणं ही साधी गोष्ट नव्हती. जगातली सगळी ठिकाणं, सगळे पदार्थ आणि सगळे खेळ यांची अप्पांनी दोनच भागांत वाटणी केली होती: फ्यामिलीचं आणि बिनफ्यामिलीचं. कपिलधारचा धबधबा पास, पण यात्रेची गर्दी सोडून. खजाना बावडी बघायला पास, लेकरांना काठावर सोडायला नापास. बिंदुसरेचं धरण पास, मात्र वारं सुटलं की भाकरीत माती येते म्हणून जेवण अलीकडच्या वस्तीवर. जत्रेतला कुस्त्यांचा फड लांबून पास, जवळून नापास, कारण पैलवान पडले की प्रेक्षकही पडतात. भज्यांच्या गाड्यावर गेले तर आधी कढईत वाकून तेल बघायचे आणि मग भजं. रंगीत बाटलीतलं पेय त्यांनी एकदा माझ्या आग्रहाखातर प्यायलं, मोठा ढेकर दिला आणि म्हणाले, "आवाज लई हाय, पन पोटात काय गेलं न्हाई. नापास."

गेवराईच्या रस्त्याला कुणीतरी नवं गार्डन हॉटेल काढलं होतं आणि त्यावर फॅमिली रूम अशी मोठी पाटी लावली होती. अप्पांचा तो शब्दच जिव्हाळ्याचा, त्यामुळे ते मला घेऊन तपासणीला गेले. फॅमिली रूम म्हणजे एक पडदा लावलेलं खोपटं होतं. अप्पांनी पडदा नाकाशी नेला. मग आत बसून बाहेरून काय ऐकू येतं ते ऐकलं. शेजारच्या टेबलावर ट्रक ड्रायव्हर मंडळी एकमेकांची विचारपूस करत होती आणि त्या विचारपुशीत सगळ्यांच्या आईबहिणी येऊन गेल्या. अप्पा बाहेर आले आणि मालकाला शांतपणे म्हणाले, "दादा, पाटी काढा. फ्यामिली पडद्यानं होत न्हाई." मालकानं आम्हाला चहाही विचारला नाही.

क्रिकेट हा खेळ त्यांनी नापास केला तेव्हा मात्र माझं त्यांच्याशी वाजलं. "एकजण खेळनार, बाकीचे उभे राहनार, आन बाया दिवसभर डबे राखत बसनार. ह्याला खेळ म्हनत्यात व्हय?" त्यांच्या मते खरे खेळ म्हणजे लंगडी, खो-खो, आट्यापाट्या. ज्यात आजीपासून नातीपर्यंत कुणीही शिरू शकतं, तो खेळ. मी पुष्कळ वाद घातला. पण त्यानंतरच्या सहलीत माझी बायको, जी घरात जिना चढताना दोनदा थांबते, ती धरणाकाठी आट्यापाट्यांत चौघींना हुलकावणी देऊन निघून गेली, तेव्हापासून मी गप्प आहे.

सहलीची तयारी म्हणजे एका लग्नाची तयारी. रफिकभाईंचा टेंपो आदल्या रात्री धुऊन यायचा, कारण एरवी त्यात कांदे असत. खाली सतरंज्या, वर ताडपत्री. अप्पांच्या दुकानातलं मोठं तांब्याचं पातेलं पाण्यानं भरून कोपऱ्यात बांधलेलं. दोन बांबू आणि एक निळी कनात, ही फक्त बायकांच्या आडोशासाठी. त्या काळात बायका सहलीला का येत नाहीत, याचं खरं कारण कुणी बोलून दाखवत नसे. अप्पांनी ते न बोलता ओळखलं आणि ठिकाणी पोचल्यावर सगळ्यात आधी, चुलीच्याही आधी, ती कनात उभी राहायची. या एका कनातीसाठी आमच्या गल्लीतल्या बायका अप्पांना आयुष्यभर दुवा देतील.

आणि मग हजेरी. टेंपो सुटायच्या आधी अप्पा त्याच्या मागच्या फळकुटाजवळ उभे राहून खणखणीत आवाजात एकेक कुटुंब मोजायचे. त्यांची पद्धत अशी की प्रत्येक घर त्या घरातल्या सगळ्यात धाकट्या लेकराच्या नावानं पुकारायचं. सहलीत हरवतं ते लेकरू. मोठी माणसं हरवली तर ती आपली आपण सापडतात, असा त्यामागचा विचार. "बबलूची फ्यामिली!" की बबलूची आई हात वर करायची. "सोनीची फ्यामिली!" "मुन्नाची फ्यामिली!" मुन्ना म्हणजे रफिकभाईंचा. आमची चिंगीची फ्यामिली. पुढे पुढे हे इतकं अंगवळणी पडलं की भाजीवालासुद्धा मला चिंगीचे पप्पा म्हणू लागला आणि माझं पाळण्यातलं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं. गल्लीत नवं लग्न झालेलं एक जोडपं होतं, त्यांना अप्पा पुकारायचे, "पुढच्याची फ्यामिली!" नवरी लाजून पदरात तोंड लपवायची आणि टेंपोभर हशा पिकायचा.

या सगळ्यात एक घर नसायचं. अप्पांचं.

अप्पांना मूलबाळ नव्हतं. गल्लीत सगळ्यांना ते माहीत होतं आणि कुणी त्याचा उच्चार करत नव्हतं. घरात अप्पा आणि काकू दोघंच. काकू ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला मोजक्या. त्यांच्या हातचे धपाटे ज्यानं खाल्ले नाहीत त्यानं मराठवाड्यात राहून काय केलं, असा प्रश्न मी जाहीरपणे विचारू शकतो. ज्वारीचं पीठ, त्यात थोडं बेसन, लसूण, तीळ, ओली मिरची, आणि थापताना बोटांनी पाडलेली भोकं. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि मडक्यातलं दही. प्रत्येक सहलीला काकू पहाटे उठून सगळ्या टेंपोला पुरतील एवढे धपाटे करायच्या आणि फडक्यात गुंडाळून डबा टेंपोत ठेवायला लावायच्या. डबा यायचा. काकू यायच्या नाहीत.

आणि अप्पांना या जगात हवं होतं ते एवढंच, की काकूंनी एकदा टेंपोत बसावं. हे त्यांनी कधी लपवलं नाही. मला सरळ म्हणायचे, "सगळ्या गल्लीला डोंगर दावला, पन घरच्या मानसाला न्हाई दावला. मग काय कामाचं?" टेंपो सुरू झाला की ते एकदा वळून आपल्या दाराकडे बघायचे. काकू दारात असायच्या. हात करायच्या. टेंपो कोपऱ्यावर वळायचा.

काकूंकडे दर वेळी एक कारण असे. ऊन सोसत नाही, म्हणाल्या. तेव्हापासून अप्पा सावली तपासायला लागले. आडोसा नसतो, म्हणाल्या. कनात शिवली गेली. बाहेरचं पाणी बाधतं, म्हणाल्या. तांब्याचं पातेलं आलं. खाली बसवत नाही, गुडघे धरतात, म्हणाल्या, तर अप्पांनी वेताची घडीची खुर्ची आणली. ती खुर्ची प्रत्येक सहलीला टेंपोत यायची, सावलीत मांडली जायची आणि रिकामीच परत जायची. गल्लीतल्या एकाही पोरानं तिच्यावर बसायचा हट्ट केला नाही. आम्ही ज्या सोयींची तारीफ करत होतो, त्या सगळ्या एका बाईची कारणं पुसून काढायला केल्या होत्या. त्यांचा उपयोग साऱ्यांना झाला, तिला सोडून.

खरं कारण कळलं ते माझ्या बायकोमुळे. नायगावला मोर बघायला जायचं होतं. धपाट्यांचं पीठ मळू लागायला ती काकूंकडे गेली होती. थापता थापता तिनं सहज विचारलं, काकू, आता तर सगळी सोय झाली, आता कशामुळं येत नाही? काकूंनी आधी नेहमीसारखं टाळलं. मग तव्यावरचा धपाटा उलटला आणि म्हणाल्या, "पयल्या टायमाला बसलते की मी टेंपोत. तुमची बदली होऊन तुमी यायच्या आधी. यांनी समद्यांची नावं घेतली. ह्याची फ्यामिली, तिची फ्यामिली. माझं काय आलंच न्हाई. मग हात झटकले आन म्हनले, झाली समदी, चला. मी म्हनलं, दूध ठिवलंय गॅसवर. आन उतरले."

बायकोनं हे मला सांगितलं. दूध ठेवलंय म्हणून बाई उतरली, आणि अप्पांनी त्या दुधावर विश्वास ठेवला. नंतर ऊन आलं, पाणी आलं, गुडघे आले. त्यांनी प्रत्येक कारणाचा इलाज केला, कारण ते कारणांवर विश्वास ठेवणारे गृहस्थ होते. सगळ्या बीड जिल्ह्यातल्या झाडांखालची सावली त्यांनी बसून तपासली, आणि आपल्याच टेंपोच्या फळकुटाशी आपण काय बोलतो ते कधी तपासलं नाही.

अप्पांना हे सांगायचं कोणी, यावर आमच्या घरात चर्चा झाली. चर्चेत नेहमीप्रमाणे मी हरलो.

मी दुकानात गेलो तेव्हा ते एका गिऱ्हाइकाला स्टीलचे डबे दाखवत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी एक कळशी उगाच उलटीपालटी करत बसलो. मग सांगितलं. जसं ऐकलं तसं, काही कमी जास्त न करता. अप्पा हातातला डबा पुसत होते. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"झाली समदी, असं म्हनलो मी?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, काकूंना तसं आठवतंय.

"म्हनलो असंल," ते म्हणाले. "रोजच म्हनतो की." मग डबा फळीवर ठेवला. "लेकरं हरवू नयेत म्हनून लेकरांची नावं घेत होतो, गुरुजी. घरातलं मानूस मीच हरवलं."

मी गुरुजी नव्हे, जिल्हा परिषदेत कारकून आहे. पण अप्पा चष्मेवाल्या प्रत्येकाला गुरुजी म्हणत, आणि त्या दिवशी चूक दुरुस्त करायची माझी छाती झाली नाही.

नायगावची सहल रद्द झाली. गल्लीत कुजबुज सुरू झाली की अप्पांची तब्येत बरी नाही. मीही चार दिवस धास्तावलो होतो. आणि मग एके संध्याकाळी ते आमच्या दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, "तुमच्या मंडळींचं नाव काय?"

आता हा प्रश्न ऐकायला साधा आहे. पण आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही आणि बायको नवऱ्याचं. लग्नात उखाण्यापुरतं एकदा घेतात, तेही मागून ढोसल्यावर. त्यानंतर जन्मभर "ऐकलं का" आणि "अहो" यावर संसार चालतात. परक्याच्या बायकोचं नाव विचारणं तर कोणी कल्पनेतही आणत नाही. मी गडबडलो. आतून बायकोनंच सांगितलं, "सुनंदा." अप्पांनी मान डोलावली, दोनदा पुटपुटले आणि पुढच्या दाराला गेले.

त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत जी खळबळ माजली ती निवडणुकीतही माजत नाही. बबलूचे वडील चिडून म्हणाले, कशाला पाहिजे नाव, शिधापत्रिका काढायची आहे का? सोनीचे वडील विचार करत उभे राहिले आणि मग खरंच आत जाऊन विचारून आले. पुढच्याच्या फ्यामिलीतल्या नवरीला दोन नावं होती, माहेरचं रेखा आणि लग्नात तांदळावर लिहिलेलं दुसरंच काहीतरी. सासूनं सासरचं सांगितलं. अप्पा नवरीकडे बघून म्हणाले, "तुला कोनच्या नावानं हाक मारली की आवडतं, बाई?" नवरीनं सासूकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं आणि बारीक आवाजात रेखा म्हणाली. अप्पा म्हणाले, ठरलं. रफिकभाई नुसते हसत होते. "अप्पा, हमारे घर में से नसीम है," ते म्हणाले, "पर मैं बोला करके मत बताना." आवडाआजींचं नाव सगळ्यांना माहीत होतं, तरी अप्पांनी त्यांनाही विचारलं. आजी म्हणाल्या, मला विचारलंस तेवढं बरं केलंस, न्यायला येणाराही विचारून नेत नाही.

अप्पांनी एकही नाव कागदावर उतरवलं नाही. दुकानात बसून पाठ करत होते. गिऱ्हाइकाला पातेल्याचा भाव सांगता सांगता मधेच "कमल, नसीम, रेखा" असं पुटपुटायचे, आणि गिऱ्हाईक जरा लांब सरकून बसायचं.

थंडी पडली. ज्वारीची कणसं दुधात आली होती. अप्पांच्या एका गिऱ्हाइकाचं शेत मांजरसुंब्याच्या अलीकडे होतं, तिथं हुरड्याला जायचं ठरलं. रविवारी सकाळी टेंपो उभा राहिला. काकूंनी धपाट्यांचा डबा आणून दिला आणि नेहमीसारख्या आपल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

अप्पा फळकुटाजवळ आले. घसा साफ केला.

"सुनंदा."

मी माझ्या बायकोकडे पाहिलं. ती हात वर करायचं विसरली होती. तिचं नाव तिच्या माहेरातल्या चार माणसांशिवाय कुणी असं मोठ्यानं घेतलं नव्हतं. मीही नाही. शेजारणीनं कोपरानं ढोसलं तेव्हा तिचा हात वर गेला, आणि तिच्या तोंडावर जे हसू आलं ते मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"कमल." "नसीम." "रेखा." "आवडाबाई." प्रत्येक नावाला एकेक हात वर जात होता. नवरे एकमेकांकडे बघत होते. कमल म्हणजे बबलूची आई, हे काहींना त्या दिवशी कळलं. कोणी हसलं नाही. नावं संपत आली आणि मला वाटलं, अप्पा आता थांबतील. ते थांबलेच. टेंपोकडे पाठ केली आणि आपल्या दाराकडे तोंड केलं.  

"महानंदा," अप्पांनी हाक मारली.

गल्लीत आम्ही कुणीच ते नाव कधी ऐकलं नव्हतं. काकूंनी आधी मागे वळून पाहिलं, घरात दुसरं कोणी आहे का, अशा नजरेनं. मग पदर डोक्यावर घेतला. अप्पा या असंही म्हणाले नाहीत. नुसते उभे राहिले. टेंपोतल्या बायका, पोरं, रफिकभाईंचा स्टिअरिंगवरचा हात, सगळं थांबलं होतं. काकूंनी आत जाऊन काहीतरी बंद केलं, दाराला कडी घातली आणि चपला घालून खाली आल्या. "गल्लीत कशाला वरडताव," एवढंच म्हणाल्या. बायकांनी हात देऊन त्यांना वर ओढून घेतलं. अप्पांनी हात झटकले नाहीत. झाली समदी म्हणाले नाहीत. गुपचूप पुढे रफिकभाईंच्या शेजारी जाऊन बसले आणि शेत येईपर्यंत मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, कारण वळून बघायला आता दारात कोणी नव्हतं.

शेतात आगटी पेटली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, ती भाजली की हातावर चोळायची, आणि गरम हिरवा दाणा चटणीशी, गुळाशी खायचा. काकूंचा हात चोळण्यात इतका चालत होता की त्यांच्यापुढे आपोआप घोळका झाला. वेताची खुर्ची त्यांनी आवडाआजींना दिली आणि स्वतः मातीत बसल्या. गुडघ्यांची काही तक्रार ऐकू आली नाही. त्या बायकांत बसून काय बोलत होत्या कोण जाणे, पण हसण्याचा आवाज बांधापर्यंत येत होता. अप्पा त्या दिवशी अगदी बिनकामाचे झाले होते. कनात कुणी लावली, पाणी कुणी वाढलं, त्यांना पत्ता नव्हता. मी त्यांना हुरडा दिला तर हातात धरून बसले.

दुपारी लंगडीचा डाव मांडला गेला. रिंगण आखलं, अप्पांच्या हातात शिट्टी आली. लंगडीत नियम एकच: एका पायावर उड्या मारत समोरच्यांना शिवायचं, आणि वरचा पाय जमिनीला टेकला की बाद. अप्पांची शिट्टी त्याबाबतीत कुणाची भीड ठेवत नसे. एका बाजूला एक बाई कमी पडत होती. सुनंदानं हाक मारली, "महानंदाताई, या की." मला वाटलं, आता त्या गुडघ्याचं नाव सांगतील. त्या उठल्या. पदर कमरेला खोचला आणि रिंगणात शिरल्या.

पन्नाशीची बाई, पण पहिल्या दोन उड्यांतच दिसलं की ही लहानपणी खेळलेली आहे. कमलच्या मागे गेल्या आणि तिला कोपऱ्यात गाठून शिवलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या रेखाच्या मागे लागल्या, रेखानं हुलकावणी दिली, आणि वळताना त्यांचा पाय टेकला. चांगला ठसठशीत टेकला. आम्ही सगळ्यांनी पाहिला. अप्पांनीही पाहिला. शिट्टी त्यांच्या ओठांत होती, पण ती वाजली नाही.  आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं की खेळू द्यावं त्यांना, एवढ्या वर्षांनी आल्यात, खेळू द्यावं संध्याकाळपर्यंत.

काकूच थांबल्या. दोन्ही पायांवर सरळ उभ्या राहिल्या. दम लागला होता, कपाळावरचे केस घामानं चिकटले होते. त्यांनी सगळ्यांदेखत अप्पांकडे बघितलं.

"पाय टेकला माझा," त्या म्हणाल्या. "वाजवा की. या समद्या बाद व्हत्यात, तशीच मी बाद. मला येगळी धरू नका आता."

अप्पांनी शिट्टी फुंकली. पहिल्यांदा नुसतीच हवा निघाली, तेव्हा त्यांनी ती पुन्हा फुंकली. "महानंदा बाद," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही. मलाही आवरलं नाही. काकू रिंगणाबाहेर आल्या, बाद झालेल्या बायकांनी सरकून त्यांना जागा करून दिली, आणि त्या पदरानं वारा घेत त्यांच्यात बसल्या.

मग पुढच्या बाईनं एक पाय वर घेतला आणि डाव पुढे सुरू झाला.